घरात क्लाऊनफिशची पिल्लं वाढवायची? मग सुरुवात एका बादलीपासून करा

२००३ साली 'फाइंडिंग निमो' आला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश घराघरात पोचला. हा मासा घरच्या टँकमध्ये नुसता जगत नाही, तर जोडी जमली की अंडीही घालतो. म्हणूनच यूट्यूबवर 'घरी निमो ब्रीड करा' असे व्हिडिओ भरपूर दिसतात.

त्यातल्या बहुतेक व्हिडिओंत अंडी दिसतात, पण पुढे वाढलेली पिल्लं क्वचितच दिसतात. अंडी मिळणं हा सोपा भाग आहे. खरी परीक्षा अंडी फुटल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत असते आणि तिचा निकाल अंडी येण्याआधीच बऱ्यापैकी ठरलेला असतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर ही डिपेंडन्सीची गोष्ट आहे: पिल्लं खाद्यावर अवलंबून, खाद्य शेवाळावर अवलंबून. त्यामुळे काम शेवटाकडून सुरुवातीकडे लावावं लागतं.

आधी जोडी

घरी ठेवायला सर्वात सोयीची जात म्हणजे ॲम्फिप्रियॉन ऑसेलारिस. भारतात ती अंदमानच्या समुद्रात सापडते. विकत घेताना हॅचरीत वाढलेलेच मासे मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडे विकसित केलेलं आहे, त्यामुळे प्रवाळावरून पकडलेला मासा घेण्याची गरज उरलेली नाही. हॅचरीतला मासा टँकमधल्या आयुष्याला आणि कोरड्या खाद्यालाही सरावलेला असतो.

नर-मादी ओळखून घ्यायची भानगड इथे नाही. क्लाऊनफिशमध्ये गटातला सर्वात मोठा मासा मादी होतो आणि त्याखालचा नर राहतो. मादी गेली तर नरच मादी बनतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे मांडलं होतं. त्या हिशोबाने सिनेमातल्या निमोच्या बाबांचं पुढे आईत रूपांतर व्हायला हवं होतं! आपल्यासाठी याचा अर्थ इतकाच, की एक थोडं मोठं आणि एक लहान अशी दोन पिल्लं आणा. जोडी त्यांची ती ठरवतात. अंडी यायला मात्र वर्ष-दोन वर्षं लागू शकतात.

जोडीसाठी ८० ते १०० लिटरचा टँक पुरतो. तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस आणि क्षारता साधारण ३५, म्हणजे एका लिटरला ३५ ग्रॅम मीठ. हे मीठ म्हणजे समुद्री टँकसाठी मिळणारं मिश्रण, आपलं स्वयंपाकातलं नव्हे. ते नळाच्या पाण्यात न टाकता आरओ-डीआय फिल्टरच्या पाण्यात कालवायचं.

ॲनिमोन किंवा खरे प्रवाळ लागत नाहीत. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे कोणी 'समुद्रातून आणलाय' म्हणून विकत असेल तर लांबच राहा. मातीची कुंडी आडवी ठेवली किंवा एखादी फरशी तिरकी टेकवली की जोडी तिथे संसार थाटते.

अंडी आणि अंधार

अंडी आधी केशरी दिसतात, मग गडद होतात आणि शेवटी त्यांत चंदेरी डोळे चमकू लागतात. नर पंखांनी त्यांच्यावर सतत पाणी मारत असतो. २७-२८ अंशांना ती सहसा सहा ते आठ दिवसांत फुटतात. एका वेळी शंभरापासून कित्येक शेपर्यंत अंडी असू शकतात आणि जोडी रमली की दर दोन आठवड्यांनी नवी बॅच येत राहते. त्यामुळे पहिली एक-दोन बॅच सोडून दिली तरी काही बिघडत नाही. त्या काळात फक्त रोज फोटो काढा आणि तारखा लिहा. आपल्या टँकमध्ये नेमके किती दिवस लागतात, हे दोन बॅचमध्ये कळतं.

फुटण्याची वेळ अंधाराशी जोडलेली आहे. दिवे बंद झाल्यावर साधारण तासा-दोन तासांत पिल्लं बाहेर पडतात. त्या रात्री खोलीत पूर्ण अंधार हवा. खिडकीतून येणारा रस्त्यावरचा दिवा आणि राउटरचे लुकलुकणारे लाईटसुद्धा झाका.

पिल्लं वेगळी काढायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे त्या संध्याकाळी अंड्यांची फरशीच उचलून पिल्लांच्या टँकमध्ये ठेवायची आणि नराच्या पंखांचं काम एअर स्टोनच्या बुडबुड्यांना द्यायचं. दुसरी पद्धत अंडी दगडावर किंवा काचेवर चिकटलेली असतील तेव्हाची. पिल्लं उजेडाकडे ओढली जातात. सगळे पंप बंद करा, मोबाईलचा टॉर्च पाण्याच्या एका कोपऱ्यावर धरा, पिल्लं तिथे गोळा होतील. मग वाटीने पाण्यासकट अलगद उचला. जाळी वापरू नका. ३-४ मिलिमीटरच्या जिवाला ती सोसत नाही.

बादलीतलं गणित

ही पिल्लं कोरडं खाद्य खात नाहीत. त्यांना हलणारं आणि तोंडात मावणारं काहीतरी लागतं. ते म्हणजे रोटिफर, साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरचे सूक्ष्म जीव. पोटातला बलक थोडाच असल्यामुळे पिल्लांना पहिल्याच दिवसापासून हे खाद्य हवं असतं.

किती लागेल? हिशोब करू. पिल्लांचा टँक ३० लिटरचा, म्हणजे ३०,००० मिली. दर मिलीला १० रोटिफर ठेवायचे, म्हणजे ३ लाख. आता २० लिटरची एक बादली घ्या आणि तिच्यात दर मिलीला १०० रोटिफर आहेत असं धरा. एकूण झाले २० लाख. रोज बादलीतला पाव भाग काढला तर ५ लाख मिळतात आणि उरलेले वाढून ती जागा भरून काढतात. म्हणजे एक चांगली चाललेली बादली एका बॅचला पुरते. दुसरी बादली बॅकअप म्हणून हवीच, कारण रोटिफरची बादली एका रात्रीत बसू शकते.

रोटिफरला रोज नॅनोक्लोरोप्सिस नावाचं हिरवं शेवाळ द्यायचं. ते जिवंत किंवा पेस्टच्या रूपात मिळतं. उपाशी रोटिफर म्हणजे रिकामा डबा. पिल्लू तो खातं, पण पोटात काही जात नाही. म्हणून शेवाळ दिल्यावर काही तासांनीच रोटिफर काढायचे.

मोजायला मायक्रोस्कोप लागत नाही. बिनसुईच्या सिरिंजमध्ये १ मिली पाणी घ्या, मागून उजेड धरा, फोनला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावून व्हिडिओ काढा आणि फ्रेम थांबवून ठिपके मोजा. फार गर्दी असेल तर त्या १ मिलीत ९ मिली खारं पाणी घाला, त्यातलं १ मिली मोजा आणि उत्तराला दहाने गुणा.

ही बादली अंडी दिसल्यावर सुरू करून चालत नाही. किमान दोन आठवडे ती नीट चाललेली असावी. माझा नियम सरळ आहे: सलग सात दिवस मोजणी शंभरच्या वर असेल, तरच पुढची बॅच घ्यायची.

पिल्लांचा टँक

हा टँक मुद्दाम साधा ठेवायचा. ३० लिटर, बाजूंना काळा कागद, एक छोटा हीटर आणि सेकंदाला एक-दोन बुडबुडे सोडणारी हवेची नळी. फिल्टर नको, कारण तो पिल्लं आणि खाद्य दोन्ही ओढून घेतो. पाणी मोठ्या टँकमधलंच घ्या, म्हणजे पिल्लांना झटका बसत नाही. तांब्याचं औषध टाकलेलं पाणी मात्र कधीच वापरू नका, रोटिफर मरतात. त्या पाण्यात थोडं शेवाळ मिसळून हलका हिरवा रंग आणायचा. त्यामुळे उजेड सौम्य होतो, पिल्लांना भक्ष्य नीट दिसतं आणि रोटिफरचंही पोट भरतं.

साधारण वेळापत्रक असं:

• पहिला ते चौथा दिवस: फक्त रोटिफर. सकाळ-संध्याकाळ मोजून कमी पडले तेवढे घाला. उजेड मंद ठेवा.

• पाचवा ते सातवा दिवस: अंड्यातून ताज्या निघालेल्या आर्टेमियाची थोडी सुरुवात. त्याची कोरडी अंडी डब्यात मिळतात आणि २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात २४ तासांत फुटतात. रोटिफर चालूच ठेवा, कारण सगळी पिल्लं एका वेगाने वाढत नाहीत.

• आठवा ते पंधरावा दिवस: रूपांतर. पारदर्शक पिल्लांना रंग येतो, डोक्यामागचा पांढरा पट्टा आधी उमटतो आणि ती तळाशी राहू लागतात. या टप्प्यावर पिल्लं दगावतात, म्हणून खाद्य आणि पाणी या दोन्हींत कसूर नको.

• त्यानंतर: आधीपासून मोठ्या टँकमध्ये मुरवलेला स्पंज फिल्टर लावा आणि बारीक कोरड्या खाद्याची सवय हळूहळू लावा.

फिल्टर नसल्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांतला मोठा शत्रू अमोनिया. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच जास्त असला की अमोनिया जास्त विषारी ठरतो. रोज टेस्ट करा, हवेच्या बारीक नळीने तळाची घाण ओढून घ्या आणि १०-२० टक्के पाणी थेंबाथेंबाने बदला. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना मात्र गोडं पाणीच घाला. मीठ उडून जात नाही.

सेन्सर लावा, पण हुशारीने

माझ्याकडे ईएसपी३२ बोर्ड आणि डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आहे. पाण्यात सोडता येणारा हा सेन्सर स्वस्त आहे आणि त्याची अचूकता अर्ध्या अंशाच्या आत असते. मिठाने त्याचं धातूचं टोक गंजू शकतं, म्हणून तो काचेच्या परीक्षानळीत ठेवून नळी पाण्यात सोडा. तापमान पाच मिनिटं सलग २५च्या खाली किंवा २९च्या वर राहिलं की टेलिग्रामवर मेसेज, इतकंच लॉजिक पुरेसं आहे.

आता खरा प्रश्न: लाईट गेली तर? तेव्हा राउटरही बंद पडतो, म्हणजे ज्या क्षणी मेसेज सर्वात जास्त गरजेचा असतो त्याच क्षणी तो येत नाही. म्हणून उलटं लॉजिक लावा. बोर्ड दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला 'मी जिवंत आहे' असं कळवेल आणि पंधरा मिनिटं काहीच आलं नाही, तर सर्व्हर तुमच्या फोनला कळवेल. अशा सेवा मोफतही मिळतात.

हीटर चालू-बंद करायचं काम कोडवर सोडू नका. त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅटच मुख्य राहू द्या. लाईट गेल्यावर पाणी गार व्हायला वेळ लागतो, हवा मात्र लगेच थांबते. त्यासाठी यूएसबीवर चालणारा दीड वॅटचा एअर पंप आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक ठेवा. हिशोबाने २० तासांच्या आसपास चालायला हवी. काही पॉवर बँक इतक्या कमी करंटला आपोआप बंद होतात, म्हणून आधी रात्रभर चालवून बघा. खारं पाणी आणि वीज जवळजवळ आहेत, तेव्हा ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी असलेल्या लाईनवरच सगळं जोडा आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली थोडी लोंबती ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी खालीच टपकेल.

दोनशे मासे ठेवणार कुठे?

सगळं जमलं असं समजा. दोन महिन्यांनी हाताशी शे-दोनशे पिल्लं आहेत. ३० लिटरमध्ये ती मावणार नाहीत. विकण्याजोगी, म्हणजे इंचभर व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि नीट सांभाळला तर क्लाऊनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो. म्हणून पहिली बॅच वाचवायच्या आधी तीन गोष्टी पक्क्या करा: वाढीसाठी मोठा टँक, मासे घेणारं दुकान किंवा हौशी मित्र, आणि तुम्ही गावी गेलात तर दिवसातून दोनदा खाद्य घालणारं माणूस. जास्तीचे मासे समुद्रात सोडणं हा पर्याय नाही. टँकमधले रोग आणि भलत्या ठिकाणचा मासा, दोन्ही तिथल्या जीवांना घातक ठरू शकतात.

यातलं काही जमणार नसेल, तर अंडी मोठ्या टँकमध्येच राहू द्या. बहुतेक पिल्लं तिथे खाल्ली जातील. समुद्रातही तसंच होतं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण अंधारात पिल्लं गोळा करायला टॉर्च धरलात, की ती तुमची जबाबदारी झाली.

घरी वाढलेलं प्रत्येक पिल्लू दुकानात गेलं, तर प्रवाळावरून एक मासा कमी पकडायचं कारण तयार होतं. ते करून बघायचं असेल, तर आज मासे घ्यायला धावू नका. जोडी आधीच असेल तर या रविवारी दोन बादल्या, थोडं शेवाळ आणि रोटिफरचं विरजण आणा. नसेल, तर हॅचरीत वाढलेली जोडी कुठे मिळते ते शोधायला लागा. तुमच्या मोजणीत काही अडलं तर खाली कमेंटमध्ये आकडे टाका, आपण मिळून हिशोब लावू!