गाठीच्या बांधावरचे राखणदार

चवळीच्या वेलावर मावा पडला की आपण पाने उलटून पाहतो. मावा किती आहे हे तर पाहतोच. पण जाणता शेतकरी आणखी एक गोष्ट पाहतो. मावा खाणारे ढालकिडे आले आहेत का? ते भरपूर असले की त्याच्या जिवाला धीर येतो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ तपासताना डॉक्टरही आता असेच दोन्हींकडे पाहू लागले आहेत. भारतीय स्त्रियांमध्ये हाच कर्करोग सर्वांत अधिक आढळतो, म्हणून ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी रोगजंतू आणि बिघडलेल्या पेशी ओळखून त्यांच्यावर चालून जातात. काही स्त्रियांच्या गाठीत या राखणदार पेशी दाटीने शिरलेल्या असतात, तर काहींच्या गाठीत जवळजवळ नसतातच. मेड्युलरी नावाच्या गाठीत त्या खच्चून भरलेल्या दिसतात. ही गाठ दिसायला उग्र, तरी रोगी तुलनेने बरे राहतात, असे मूर आणि फूट या डॉक्टरांनी १९४९ सालीच लिहून ठेवले होते.

या पेशी मोजतात कशा? गाठीच्या तुकड्याची पातळ चकती काचेवर घेऊन रंगवतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कर्कपेशींचे पुंजके म्हणजे वाफे समजा. वाफ्यांमधल्या बांधाची किती जागा राखणदारांनी व्यापली आहे, याचा टक्का तज्ज्ञ डोळ्यांनी ठरवतो. त्याचे नियम अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून २०१४ साली ठरवले. निदानासाठी जी काच बनवतात तीच याला पुरते. पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही.

या मोजणीचा सर्वांत अधिक उपयोग 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारात होतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या खुणा आणि हर-टू हे प्रथिन, या तिन्ही गोष्टी या गाठीत मिळत नाहीत. त्यामुळे त्यांवर चालणारी औषधे येथे लागू पडत नाहीत. हे नाव ऐकताच घरचे लोक हाय खातात. पण या गाठी सगळ्या सारख्या नसतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केमोथेरपी न घेतलेल्या १,९६६ स्त्रियांची माहिती तपासली गेली. त्यांपैकी पहिल्या अवस्थेतील ज्या स्त्रियांच्या गाठीत राखणदार ५० टक्के किंवा अधिक होते, त्यांपैकी ९४ टक्के स्त्रिया पाच वर्षे दूरच्या अवयवांत रोग न पसरता जगल्या. राखणदार ३० टक्क्यांहून कमी होते तेथे हे प्रमाण ७८ टक्के होते.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. संप्रेरकांच्या खुणा असलेल्या गाठीत हाच टक्का वाढला तर ते शुभचिन्ह मानता येत नाही. शिवाय सगळेच राखणदार इमानी नसतात. मॅक्रोफेज नावाच्या काही पेशी चोरालाच सामील होऊन गाठ वाढायला मदत करतात. आणि हे आकडे शेकडो स्त्रियांचे आहेत, एकीचे भविष्य नव्हे. म्हणून टक्का चांगला आला तरी केमोथेरपी आपल्या मनाने टाळू नये. ते डॉक्टरांनीच ठरवावे.

गाठ कधी कधी राखणदारांचे हात बांधून ठेवते. ते बंधन सोडवण्याची वाट दाखवल्याबद्दल ॲलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वाटेवरचे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०२१ साली, धोका अधिक असलेल्या ट्रिपल निगेटिव्ह रोगात सुरुवातीपासून केमोथेरपीबरोबर देण्यास मान्य झाले. ते फार महाग आहे आणि त्याचे दुष्परिणामही आहेत.

आता आपल्या हातात काय आहे? वर दिलेला ९४ चा आकडा पहिल्या अवस्थेचा आहे, हे विसरू नका. आपल्याकडे बाई गाठ लपवते. दुखत नाही म्हणून गप्प बसते; पेरणी होऊ दे, सुगी होऊ दे, म्हणत वर्ष काढते. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, हीच तर मेख आहे. स्तनात किंवा काखेत गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंड आत वळले किंवा त्यातून रक्त आले, तर लेप लावत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. तपासणीचे कागद जपून ठेवा, आणि गाठीतल्या लिम्फोसाइटचा टक्का अहवालात लिहिला आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

बंधूंनो, वेलावर मावा दिसला तर आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. घरच्या बाईने गाठ सांगितली तर सुगीची वाट का पाहावी?