टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड शस्त्रक्रिया : मूल त्याच दिवशी घरी, दक्षता मात्र दोन आठवडे



घसा वारंवार सुजत असल्यास किंवा झोपेत मुलाचा श्वास अडखळत असल्यास घशातील टॉन्सिल व नाकामागील अ‍ॅडिनॉइड या ग्रंथी काढण्याचा सल्ला दिला जातो. ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन तोंडावाटे केली जाते. अन्यथा निरोगी असलेल्या मुलास काही तास देखरेखीखाली ठेवून त्याच सायंकाळी घरी पाठवता येते. त्यामुळे पालकांचा खर्च व बुडणारा रोजगार वाचतो.

घरी नेण्यापूर्वी

रात्री रुग्णालयात पोहोचण्यास किती वेळ लागेल, याचा विचार करावा. गोविंदपुरम् येथील कुटुंबास कुंभकोणम जवळ आहे. परंतु शस्त्रक्रिया तंजावर येथे झाली असल्यास कुंभकोणमपासून पुढे सुमारे 40 किलोमीटर अंतर पडते. वाहनाची खात्री नसल्यास पहिली रात्र रुग्णालयात किंवा त्याच्या जवळपास काढावी.

तीन वर्षांखालील मुले, तसेच झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र त्रास, हृदयरोग किंवा रक्तस्रावाचा विकार असलेली मुले यांना त्याच दिवशी घरी नेण्याचा आग्रह धरू नये.

घरी घ्यावयाची काळजी

- पाणी, ताक, पेज असे पातळ पदार्थ थोडे थोडे, वारंवार द्यावेत. गिळताना दुखते म्हणून पाणी बंद करू नये.
- पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेल्या प्रमाणात, वेळेवर द्यावे. अ‍ॅस्पिरिन किंवा कोडीनयुक्त औषध देऊ नये.
- घशात पांढरट थर दिसणे व कान दुखणे या सामान्य बाबी आहेत. थर खरवडू नये.
- सुमारे दोन आठवडे शाळा, धावपळ व दूरचा प्रवास टाळावा.

धोक्याची लक्षणे

रक्तस्रावाचा धोका पहिल्या 24 तासांत असतो. खपली सुटताना, साधारणपणे पाचव्या ते दहाव्या दिवशी, तो पुन्हा संभवतो. मूल बरे दिसू लागले तरी या दिवसांत गाफील राहू नये. झोपेत सतत गिळत राहणे हेही रक्तस्रावाचे लक्षण असू शकते.

तोंडातून ताजे रक्त येणे, रक्ताची उलटी, श्वास घेण्यास त्रास किंवा बराच वेळ लघवी न होणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये. रक्त येत असल्यास मुलास पुढे झुकवून बसवावे, काहीही खाण्यास देऊ नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सर्वांत जवळच्या रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रिया तेथेच झालेली असणे आवश्यक नाही. घरी सोडताना मिळालेला कागद सोबत ठेवावा.