न फळणारी पपई 'वांझ' नसते!

परसात हौसेने पपई लावली, पुरुषभर उंच वाढली, फुलांचे झुपके लोंबायला लागले, पण फळ मात्र एकही नाही. मग आपण काय म्हणतो? 'वांझोटी निघाली मेली!' मैत्रिणींनो, हा शब्द मला फार खटकतो. कारण ते झाड बाई नसतंच मुळी! तो नर असतो.

मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, म्हणून गल्लीतल्या बायका झाडांचं काही अडलं की माझ्याकडे येतात. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, खोडात खिळा ठोकला की वांझ पपई धरते म्हणे. खरं का?" त्यांची सून तिथेच कपडे वाळत घालत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, अजून पाळणा हललेला नाही. तो शब्द ऐकताच तिची मान खाली गेली. मी मुद्दामच जरा मोठ्याने म्हटलं, "काकू, तो नर आहे हो! त्याला खिळा ठोका नाहीतर खांब, फळ येणार कुठून?" सून चक्क हसली.

नर ओळखणं सोपं आहे. त्याची फुलं बारीक, नळीसारखी आणि लांब लोंबत्या दांड्यावर येतात. मादीचं फूल मोठं, खोडाला लगटून बसलेलं. पपईत तिसराही प्रकार असतो, उभयलिंगी. त्याची फळं लांबट आणि गर जाड. मादीची गोलसर, आत पोकळी मोठी.

हे ठरतं कुठे? गुणसूत्रांत. पपईत गुणसूत्रांच्या नऊ जोड्या असतात, त्यातली एक लिंग ठरवते. मादीकडे दोन एक्स, नराकडे एक एक्स आणि एक वाय, अगदी माणसासारखंच! मादीकडून बीला एक्सच मिळतो. एक्स की वाय, हे नराचा पराग ठरवतो. (मुली झाल्या म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) पपईचा हा वाय अजून 'बाल्यावस्थेत' आहे, असं शास्त्रज्ञांनी 2004 साली दाखवलं. सूक्ष्मदर्शकाखाली तो वेगळा दिसत नाही. आपल्या तोंडलीचा वाय मात्र चांगला दांडगा असतो, लगेच नजरेत भरतो.

उभयलिंगी झाडाकडे वायचा थोडा वेगळा प्रकार असतो. स्वतःच्याच परागावर धरलेल्या त्याच्या फळातल्या बियांपासून दोन उभयलिंगी आणि एक मादी, या प्रमाणात रोपं मिळतात, नर नाही. दोन्ही वाय एकत्र आलेलं बी जगतच नाही.

रोप लहान असताना काही कळतं का? नर आणि मादीच्या पानातल्या रसायनांचं प्रमाण वेगवेगळं असतं, म्हणून रसात औषध घालून रंग बघण्याचे प्रयोग आपल्याकडे झाले. पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. पक्कं कळतं ते डीएनए चाचणीने, आणि ती काही आपल्या परसात होणारी नव्हे! मुळं बघून नर-मादी सांगणाऱ्यांवर तर मुळीच विसंबू नका.

मग करायचं काय? एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावा. फुलं दिसली की हवं ते ठेवा, बाकीची काढा. पण नर-मादी वेगळ्या असणाऱ्या जातीत सगळे नर तोडू नका हं! दहा माद्यांमागे एक नर हवाच. घरात दोन-चारच झाडं लावायची असतील तर रोपवाटिकेत उभयलिंगी जात मागा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

माहेर कोकणात असेल तर रातांब्याचं हेच दुखणं तुम्हाला ठाऊक असेल. बी लावून वाढवलेल्या झाडांत सुमारे निम्मे नर निघतात, आणि ते कळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता'सारख्या जातीचं कलमच आणावं. तोंडलीचं काम त्याहून सोपं. जिच्याकडे वेल लगडलेला आहे, तिच्याकडून पेन्सिलीएवढं जून खोड मागून आणा आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणापाशी खोचा. मादी वेलाचं खोड लावलं की वेल मादीच होतो.