फोनचा द्वारपाल आणि त्याची आज्ञापत्रिका

समजा, तुमच्या वसतिगृहात प्रत्येक खोलीत टेलिफोन आहे. खोलीचा क्रमांक हाच तिथल्या फोनचा क्रमांक. ११० दाबला, की ११० क्रमांकाच्या खोलीत घंटी वाजते. घरी बोलायचे असेल, तर आधी ९ दाबायचा आणि मग घरचा क्रमांक. एका रात्री तुमचा मित्र अचानक बेशुद्ध पडतो. तुम्ही तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक दाबता. फोन कोठे लागेल बरे?

याचे उत्तर एका लहानशा फाइलीत दडलेले असते. ते कसे, ते आता पाहू.

असे फोन आता पुष्कळ ठिकाणी संगणकांच्या जाळ्यावर चालतात. आपण बोलतो तेव्हा हवेचा दाब कमी-जास्त होतो आणि फोनमधला मायक्रोफोन त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो. फोन हा संकेत सेकंदाला ८,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितो. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. ही मापे पाकिटांत भरून जाळ्यातून धाडली जातात. एका पाकिटात बहुधा २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे १६० मापे असतात. सेकंदाला अशी ५० पाकिटे! याहून काटकसरीच्या पद्धतीही आहेत. पण ही सर्वांत साधी.

टेलिफोन केंद्राकडून येणाऱ्या तांब्याच्या साध्या तारेवर मात्र ही पाकिटे धाडून चालत नाही. म्हणून मध्ये एक यंत्र बसवतात. त्याचे नाव गेटवे, म्हणजे वेशीवरचा द्वारपालच. तो पाकिटांतल्या मापांपासून पुन्हा विजेचा संकेत तयार करतो, आणि दाबलेला क्रमांक पाहून फोन कोणत्या वाटेने जाईल हे ठरवतो. हे दुसरे काम तो स्वतःच्या बुद्धीने करीत नाही. आपण लिहून दिलेली आज्ञापत्रिका, म्हणजे सेटिंगची फाइल, तो वाचतो.

मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली सुरू केलेली ‘अ‍ॅस्टरिस्क’ ही संगणकाची आज्ञावली अशा कामासाठी प्रसिद्ध आहे आणि ती विनामूल्य मिळते. तिच्या फाइलीत क्रमांकांचे साचे लिहितात. साच्यातील ‘एक्स’ या अक्षराच्या जागी ० ते ९ पैकी कोणताही अंक चालतो. आपल्या वसतिगृहाची फाइल सोप्या भाषेत अशी होईल :

१ एक्स एक्स : त्या क्रमांकाच्या खोलीत घंटी वाजव.
९ आणि पुढे कितीही अंक : पहिला ९ गाळ, उरलेला क्रमांक बाहेर पाठव.

आता ११२ तपासा. पहिला अंक १, पुढे कोणतेही दोन अंक. पहिला साचा तंतोतंत जुळला! घंटी वाजेल ती ११२ क्रमांकाच्या खोलीत. मदत येणारच नाही.

तुम्ही म्हणाल, ‘११२ : बाहेर पाठव’ अशी तिसरी ओळ लिहिली की झाले. ती वर लिहायची की खाली? अ‍ॅस्टरिस्कमध्ये त्याने फरक पडत नाही. दोन साचे जुळले, तर अधिक नेमका असेल तो जिंकतो. म्हणजे ११२ बाहेर जाईल. पण मग ११२ क्रमांकाच्या खोलीतल्या मित्राला गप्पांसाठी फोन केला, तरी तो तातडीच्या मदत केंद्रातच वाजेल! म्हणून खोल्यांचे क्रमांकच बदलायला हवेत. प्रत्येकाच्या आधी ६ लावा : ६१०१, ६११२. पहिली ओळ ‘६ एक्स एक्स एक्स’ अशी करा. आता दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. घाबरून कोणी ९११२ दाबला, तरी ९ गळून ११२ बाहेर जाईल.

ही नुसती कल्पनेतली अडचण नाही. २०१३ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका हॉटेलच्या खोलीत एका महिलेवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने तेथील तातडीचा ९११ हा क्रमांक चार वेळा दाबला. पण फोन लागला नाही. बाहेरच्या फोनसाठी आधी ९ दाबावा लागे, हे त्या बालिकेला कसे ठाऊक असणार? ती आई वाचली नाही. पुढे २०१८ साली तेथे कायदा झाला, की अशा नव्या यंत्रणांत आधी कोणताही अंक न दाबता ९११ थेट लागलाच पाहिजे.

फाइल बदलल्यावर आणखी एक काम उरते. चालू असलेली आज्ञावली जुन्याच आज्ञा पाळत राहते. फाइल पुन्हा वाचण्याचा हुकूम तिला द्यावा लागतो. मग तपासणी. त्यासाठी ११२ उगाच लावू नका; तेवढ्या वेळात खऱ्या संकटातल्या कोणाचा तरी फोन खोळंबेल. ११२ ला कोणती ओळ जुळते, हे अ‍ॅस्टरिस्कला विचारून पडद्यावर पाहता येते.

द्वारपाल आज्ञाधारक आहे, पण आपल्या मनातले त्याला कळत नाही; लिहिलेले तेवढेच तो जाणतो. आता वही घ्या आणि तुमच्या शाळेतील दहा खोल्यांसाठी अशी आज्ञापत्रिका लिहा. लिहून झाली, की सर्वांत आधी ११२ तपासा.