एक सर्व्हर, अनेक संगणक : लिनक्सवरील सामायिक प्रिंटर आणि विंडोजचे ड्रायव्हर

सुरतेच्या इंग्रज वखारीचा दलाल भीमजी पारेख याने १६७० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीकडे एक मुद्रक पाठविण्याची मागणी केली. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्रासह मुंबईस उतरला. यंत्र आले, माणूस आला. पण हिल्सला छापता येत होते, अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. भीमजीने मग स्वतःची माणसे लावून ‘बनिया’ लिपीचे खिळे पाडण्याचा प्रयत्न केला आणि कंपनीकडे खिळे पाडणारा कारागीर मागितला. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासात ही हकिकत नोंदविली आहे. यंत्र आणि लिपी यांच्यामध्ये जाणकार दुवा नसला, तर यंत्र खोलीत नुसते पडून राहते. संगणकाच्या युगात या दुव्याचे नाव प्रिंटर ड्रायव्हर असे आहे.

सुरतेत हा प्रश्न आजही निराळ्या रूपाने उभा राहतो. खानदेशातून आलेल्या कामगारांची मोठी वस्ती लिंबायत, उधना या भागांत आहे आणि महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी व उर्दू माध्यमातूनही चालतात. अशा शहरातील महाविद्यालयात एकाच आठवड्यात तीन लिप्यांतील प्रश्नपत्रिका छापाव्या लागतात. उर्दूचे काम बहुधा इनपेजमध्ये होते. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेच्या संगणक केंद्रांतून शिकलेल्या मुलांच्या हाताला तेच वळण असते. जुन्या मराठी फाइली श्री-लिपीत असतात. ही दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजची. म्हणून सर्व संगणक एका झटक्यात लिनक्सवर नेणे, परवाना-शुल्क वाचत असले तरी, भाषा-विभागांना परवडत नाही. मधला मार्ग असा की शिक्षकांचे संगणक विंडोजवर राहावेत आणि प्रिंटर सांभाळणारा एक जुना, पण धडधाकट संगणक लिनक्सवर चालावा. प्रस्तुत लेखात या मधल्या मार्गाचा विचार केला आहे.

ड्रायव्हर म्हणजे तर्जुमान, दुभाषी. पानावरील अक्षरे, रेषा व चित्रे तो प्रिंटरच्या भाषेत सांगतो. येथे एक गैरसमज नेहमी आढळतो : सर्व्हर लिनक्सचा, म्हणजे ड्रायव्हरही लिनक्सचाच हवा. प्रत्यक्षात दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत विंडोज संगणकावरील ड्रायव्हर संपूर्ण भाषांतर करतो आणि लिनक्स सर्व्हर तयार मजकूर टपाल्याप्रमाणे, लखोटा न फोडता, प्रिंटरला पोहोचवितो. दुसऱ्या रीतीत विंडोजवर एकच सर्वसाधारण पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर असतो आणि विशिष्ट प्रिंटरच्या भाषेत उतरविण्याचे काम सर्व्हरवरील कप्स ही छपाई-प्रणाली करते. दुसरी रीत अधिक नेटकी. कारण प्रिंटर बदलला तरी शिक्षकांच्या संगणकांना हात लावावा लागत नाही. मात्र तिच्यात एक पथ्य आहे. पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरमध्ये संगणकातील फाँटऐवजी प्रिंटरमधील फाँट वापरण्याची सोय असते. ती बंद करून फाँट पानाबरोबर पाठविण्याचा पर्याय निवडावा. नूरी नस्तालीक म्हणजे हजारो जोडाक्षरांचे संच. मिर्झा अहमद जमील यांनी ते हाताने लिहून काढले आणि १९८१ मध्ये ‘जंग’ या दैनिकाने ते वापरात आणले. फाँटांची अदलाबदल झाली, तर या खत्ताच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

बाजारात स्वस्त मिळणाऱ्या काही प्रिंटरांबाबत आधीच सावध असलेले बरे. एचपीचा लेझरजेट १०२० चालू करताच त्याला संगणकाकडून स्वतःचे अंतर्गत सॉफ्टवेअर मागून घ्यावे लागते. ते देण्याची व्यवस्था लिनक्स सर्व्हरवर करावी लागते. कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर संगणकाशी दुतर्फा बोलतो, त्यामुळे नुसते टपाल पोहोचवून भागत नाही. सर्व्हरसाठी नवा प्रिंटर घ्यायचा असेल, तर नेटवर्कचे तोंड असलेला आणि पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल जाणणारा घ्यावा. चार पैसे जास्त पडतात, मनस्ताप वाचतो.

विंडोज संगणकांना लिनक्स सर्व्हर आपल्यातलाच वाटावा, हे काम सांबा करते. ऑस्ट्रेलियात अँड्रू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास त्याचा पाया घातला. सांबाच्या संरूपण फाइलमध्ये प्रिंटरांचा विभाग असतोच. ड्रायव्हर वाटण्यासाठी आणखी एक विभाग लागतो, ज्याचे नाव ‘प्रिंट’ या शब्दापुढे डॉलरचे चिन्ह असे ठरलेले आहे. हे नाव बदलता येत नाही, कारण विंडोज तेच शोधते. या फोल्डरमध्ये ३२ बिट व ६४ बिट संगणकांचे ड्रायव्हर वेगवेगळ्या उपफोल्डरांत बसतात. लिहिण्याचा हक्क फक्त प्रिंटर सांभाळणाऱ्यांच्या गटाला द्यावा, वाचण्याचा सर्वांना. त्या गटाला सांबामध्ये प्रिंट ऑपरेटरचा विशेषाधिकारही द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला, तर पुढची प्रत्येक पायरी ‘परवानगी नाही’ एवढेच सांगत राहते.

ड्रायव्हर चढविण्याचे काम लिनक्सवर बसून नव्हे, विंडोजवरून करावे. गटातील व्यक्तीच्या नावाने प्रवेश करून प्रिंट मॅनेजमेंटमध्ये सर्व्हर जोडावा, ड्रायव्हरच्या यादीत नवा ड्रायव्हर घालावा. तो ‘टाइप ३’ प्रकारचा, स्वाक्षरीकृत व पॅकेज स्वरूपातला असावा. ‘टाइप ४’ या मार्गाने चालत नाही. नंतर प्रिंटरचे गुणधर्म उघडताना, ड्रायव्हर या संगणकावर नाही, बसवू का, असा प्रश्न येऊ शकतो. तेथे ‘नाही’ म्हणावे. ‘हो’ म्हटले तर तो त्याच संगणकावर बसतो, सर्व्हरवरचा प्रिंटर तसाच राहतो. ‘नाही’ म्हटल्यावर उघडणाऱ्या खिडकीतून ड्रायव्हर जोडावा. जोडताच विंडोज प्रिंटरचे नाव बदलून ड्रायव्हरचे नाव ठेवते, आणि ‘परीक्षा विभाग’ या सुबक नावाच्या जागी कंपनीचे लांबलचक नाव दिसू लागते. सांबाच्या फाइलमध्ये ‘फोर्स प्रिंटरनेम’ ही ओळ चालू केली की हा उपद्रव थांबतो.

एवढ्यावर थांबू नये. ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’मध्ये कागद ए-फोर करावा, पान एकदा आडवे करून पुन्हा उभे करावे आणि मान्य करावे. या खटाटोपाने सर्व्हरवर मूळ मांडणीची नोंद तयार होते. ती नसेल तर काही संगणकांवर अमेरिकन ‘लेटर’ कागद गृहीत धरला जातो आणि उर्दू पानाची शेवटची ओळ कापली जाते. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ या जवळजवळ त्याच नावाच्या खिडकीतले बदल मात्र त्या एका व्यक्तीपुरतेच राहतात.

पूर्वी शिक्षकाने सर्व्हरवरील प्रिंटरवर दोनदा टिचकी मारली की ड्रायव्हर आपोआप उतरत असे. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या छपाई-सेवेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ हा गंभीर दोष उघड झाला आणि ऑगस्ट २०२१ च्या सुधारणेपासून असा ड्रायव्हर बसविण्यास प्रशासकाचा अधिकार लागू लागला. हे बंधन काढून टाकण्याची युक्ती अनेक ठिकाणी सुचविली जाते; ती वापरू नये. वीस-पंचवीस संगणकांच्या प्रयोगशाळेत प्रशासकाने एकदा फिरून तोच ड्रायव्हर प्रत्येक संगणकावर बसविला, तर पुढे शिक्षकांना अडथळा येत नाही. एका दुपारचे काम आहे.

प्रश्नपत्रिकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेक मार्गदर्शिकांत सापडत नाही. छापून झालेल्या कामाची प्रत कप्स लगेच पुसत नाही. मूळ मांडणीत ती एक दिवस सर्व्हरवर राहते, म्हणजे गुरुवारी छापलेली प्रश्नपत्रिका शुक्रवारच्या परीक्षेपर्यंत तेथेच असते. सर्व्हरचा प्रशासकीय अधिकार असणारा कोणीही ती काढू शकतो. कप्सच्या फाइलमधील ‘प्रिझर्व्ह जॉब फाइल्स’ या ओळीपुढे ‘नो’ लिहिले की छपाई संपताच प्रत नाहीशी होते. कोणी किती पाने काढली याची नोंद वेगळी असते, ती ठेवावी. कागदाचा हिशेब विचारला गेल्यास उपयोगी पडते. सर्व्हर कुलूपबंद खोलीत आणि सुरतेत तरी वरच्या मजल्यावर असावा. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता.

ड्रायव्हर वाटण्याची ही पद्धत हळूहळू मागे पडेल अशी चिन्हे आहेत. इतर कंपन्यांचे ड्रायव्हर पुरविणे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. त्याऐवजी आयपीपी या सर्वमान्य छपाई-संकेतावर भर आहे. कप्सचा पायाच आयपीपी असल्याने लिनक्स सर्व्हरवरचा प्रिंटर विंडोजला सांबाशिवायही जोडता येतो. नवी रीत स्वीकारण्यापूर्वी तीन पाने छापून पाहावीत : एक इनपेजमधील नस्तालीक, एक श्री-लिपीतील जुनी मराठी फाइल आणि एक युनिकोड गुजराती. तिन्ही भिंगाखाली स्वच्छ दिसली, तरच जुना ड्रायव्हर काढावा.