चिमुकला चेंडू आणि बलाढ्य राष्ट्रें

ज्या खेळाचें साहित्य थोडें, तो खेळ हलका, अशी एक समजूत आपल्यांत रूढ आहे. या मापानें पाहूं गेल्यास टेबल-टेनिसची गणना मुलांच्या करमणुकींतच करावी लागेल. नऊ फूट लांब व पांच फूट रुंद असें एक मेज, सहा इंच उंचीची जाळी, आणि वजनांत तीन ग्रॅमही न भरणारा एक पोकळ चेंडू, एवढाच काय तो या खेळाचा संसार. परंतु या चिमुकल्या चेंडूच्या पाठीमागें जवळजवळ शंभर वर्षें राष्ट्राराष्ट्रांमध्यें जी चुरस चालूं आहे, तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. लहान संघ बलाढ्य संघास कसा जिंकतो, आणि राष्ट्रांच्या चुरशींतून वैर निपजतें कीं स्नेह, हे दोन प्रश्न डोळ्यांपुढें ठेवून त्या इतिहासांतील कांहीं प्रसंग येथें सांगावयाचे आहेत.

पहिली जागतिक स्पर्धा १९२६ सालीं लंडन येथें झाली, व त्याच सालीं या खेळाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्याच्या संस्थापक सभासदांत हिंदुस्थानही होता, ही गोष्ट आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. पुरुषांच्या सांघिक विजयासाठीं लेडी स्वेदलिंग या बाईंनीं जो चषक दिला, त्याकरितां प्रत्येक राष्ट्राचे तीन खेळाडू उतरत. प्रत्येकानें प्रतिपक्षाच्या तिघांशींही खेळावयाचें, म्हणजे एकंदर नऊ सामने. ज्याचे पांच आधीं होतील तो संघ विजयी. स्त्रियांच्या कॉर्बिलाँ चषकासाठीं चार एकेरी व एक दुहेरी अशी पद्धति पुष्कळ वर्षें होती. हल्लीं दोहोंसही पांच एकेरी सामने ठेवलेले असून तीन जिंकले कीं लढत संपते. पूर्वीं एक डाव २१ गुणांचा असे, तो २००१ सालापासून ११ गुणांचा झाला.

हे आंकडे नीरस वाटले तरी दुबळ्या संघाची सारी आशा त्यांतच सांठविलेली आहे. लढत जितकी लांब, तितका बलवानाचा वरचढपणा स्पष्ट होत जातो. ती जितकी आंखूड, तितका एखाद्या हुशार पण कमी नांवाजलेल्या खेळाडूस वाव अधिक. शिवाय पांचांपैकीं तीनच सामने जिंकावयाचे असल्यामुळें, ज्या संघांत दोघे जण उत्तम आहेत, त्यास दहा उत्तम खेळाडू बाळगणाऱ्या राष्ट्राचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. मेजापाशीं एका वेळीं एकच उभा राहतो.

आरंभींचीं वर्षें हंगेरीचीं होतीं. त्या देशानें स्वेदलिंग चषक एकंदर बारा वेळां जिंकला, व त्याच्या व्हिक्टर बार्नानें एकेरीचें अजिंक्यपद पांच वेळां मिळविलें. अशा स्थितींत १९५२ च्या फेब्रुवारींत जागतिक स्पर्धा प्रथमच आशिया खंडांत भरली, आणि ती आपल्या मुंबईंत. महायुद्धांत पराभूत झालेला जपान त्या वेळीं परकीय सैन्याच्या ताब्यांतून पुरता मुक्तही झाला नव्हता; त्याचे खेळाडू या स्पर्धेस प्रथमच आले होते. त्यांत हिरोजी सातो नांवाचा एक किरकोळ देहाचा, चष्मा लावणारा तरुण होता. त्याची बॅट मात्र निराळी होती. इतरांच्या लांकडी बॅटीवर बारीक पुटकुळ्यांचें पातळ रबर असे, तर सातोच्या बॅटीवर जाड स्पंजाचा थर होता.

या स्पंजाची करामत दुहेरी होती. चेंडू त्यांत क्षणभर रुतून मग वेगानें उसळे. दुसरें असें कीं, रबरावर चेंडू आपटतांना जो ‘टक्’ असा आवाज होतो, तो स्पंजावर होत नसे. कसलेले खेळाडू डोळ्यांइतकेच कानांवरही विसंबून असतात. फटका किती जोराचा आहे, हें आवाजावरून त्यांना उमगतें. तो आवाजच नाहींसा झाल्यामुळें भलेभले गोंधळले. अंतिम सामन्यांत सातोनें हंगेरीच्या कोत्सियानचा पराभव केला. पुरुषांचा सांघिक चषक हंगेरीनेंच नेला खरा. परंतु सात अजिंक्यपदांपैकीं चार जपानकडे गेलीं.

एवढ्यावरून युक्ति हेंच यशाचें रहस्य असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. सातोस एकेरीचें जागतिक अजिंक्यपद पुन्हां कधीं मिळालें नाहीं. नवें शस्त्र एकदां सर्वांस परिचित झालें म्हणजे त्याची धार बोथटते. पुढें १९५९ सालीं उघड्या स्पंजास नियमानेंच बंदी झाली व थराच्या जाडीस मर्यादा घालण्यांत आली. जपानचें वैभव टिकलें तें इचिरो ओगिमुरासारख्या खेळाडूंच्या अविश्रांत मेहनतीमुळें. त्यानें १९५४ व १९५६ सालीं एकेरीचें अजिंक्यपद मिळविलें, व स्वेदलिंग चषक १९५४ पासून १९५७ पर्यंत लागोपाठ जपानकडे राहिला. अचानक मिळालेला एक विजय दार उघडतो. आंत प्रवेश करावयाचा तो आपल्याच पायांनीं.

जपानला मागें सारलें तें चीननें. १९५९ सालीं डॉर्टमुंड येथें रुंग क्वो-थ्वान हा कोणत्याही खेळांतील चीनचा पहिला जगज्जेता ठरला, आणि १९६१ सालीं पेकिंग येथें चीननें सांघिक चषकही जिंकला. तेव्हांपासून मधले कांहीं खंड सोडल्यास या खेळावर त्याच राष्ट्राचें साम्राज्य आहे. त्याचें कारण केवळ लोकसंख्या नव्हे. लहान वयांत निवड, नित्याचा कसून सराव, आणि प्रतिस्पर्ध्यांचा बारकाईनें अभ्यास, हे त्या साम्राज्याचे आधारस्तंभ होत. परदेशीय खेळाडूच्या धाटणीची हुबेहूब नक्कल करणारे सोबती तयार करून त्यांच्याशीं सराव करावयाचा, इतकी त्यांची दक्षता!

अशा राष्ट्रास स्वीडननें नमविलें. लोकसंख्येनें हा देश त्या काळीं एक कोटीचाही नव्हता. १९८३, १९८५ आणि १९८७ अशा तीन स्पर्धांत स्वीडनचा संघ अंतिम लढतीस पोंचला, व तिन्ही वेळां चीनकडून हरला. त्यांतील तिसरा पराभव आपल्या नवी दिल्लींत झाला. परंतु पराभवानें खचून न जातां स्वीडनच्या तरुणांनीं प्रतिपक्ष्यासच गुरु केलें. यान-ओव्हे वाल्डनेर हा तर अगदीं कोंवळ्या वयांत चीनमध्यें जाऊन तेथील सराव पाहून आला होता. हस्तांदोलन करावें तशी बॅट धरून दोन्ही बाजूंनीं सारख्याच जोरानें मारा करण्याची कला या मंडळींनीं पूर्णत्वास नेली. १९८९ सालीं डॉर्टमुंड येथें स्वीडननें चीनला ५-० असें हरविलें, व पुढें १९९१ आणि १९९३ सालींही चषक आपल्याकडेच ठेवला.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. राष्ट्रांची चुरस मनें दुभंगते काय? कधीं कधीं दुभंगते, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु या खेळानें उलट दाखलेही दिले आहेत. १९७१ च्या नागोया येथील स्पर्धेंत ग्लेन कॉवन हा अमेरिकन खेळाडू चिनी संघाच्या मोटारींत चढला, तेव्हां ज्वांग त्सेतुंग या चिनी जगज्जेत्यानें पुढें होऊन त्यास भेट दिली. उभय देशांत त्या वेळीं राजकीय संबंध नव्हते. थोड्याच दिवसांत अमेरिकन संघास चीनचें निमंत्रण आलें, आणि पुढील वर्षीं खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन तेथें गेले.

याहूनही हृदयस्पर्शी प्रसंग १९९१ सालचा, जपानांतील चिबा येथला. उत्तर व दक्षिण कोरिया हीं एकाच भाषेचीं, एकाच रक्ताचीं, पण युद्धानें दुभंगलेलीं राष्ट्रें. आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्ष त्या वेळीं तेच ओगिमुरा होते. त्यांनीं खटपट करून दोन्ही कोरियांचा एक संघ उतरविला. त्याच्या ध्वजावर अखंड कोरियाचा निळा नकाशा होता, व राष्ट्रगीताच्या जागीं ‘आरिरांग’ हें लोकगीत वाजे. स्त्रियांच्या अंतिम लढतींत गांठ पडली चीनशीं, ज्यानें हा चषक लागोपाठ आठ वेळां जिंकला होता. उत्तरेच्या यू सून-बोकनें पहिल्याच सामन्यांत डेंग यापिंगला हरविलें. हीच डेंग त्याच स्पर्धेंत पुढें एकेरीची जगज्जेती झाली. दक्षिणेच्या ह्युन जंग-ह्वानें दुसरा सामना जिंकला. मग चीननें दोन सामने जिंकून बरोबरी साधली. पांचवा सामना पुन्हां यू सून-बोककडे आला. तो तिनें जिंकला, आणि ३-२ अशा फरकानें कोरिया विजयी झाला. स्पर्धा संपतांच या मैत्रिणी आपापल्या देशीं परतल्या, व मधली सीमा पूर्ववत् बंदच राहिली. खेळानें राष्ट्रें एक केलीं नाहींत. परंतु तीं एक होऊं शकतात, हें जगास एकदां डोळ्यांनीं पाहावयास मिळालें. २०१८ सालीं स्वीडनमधील हाल्मस्टाड येथें दोन्ही कोरियांच्या मुलींचे संघ समोरासमोर येणार होते. परंतु सामना न खेळतां त्यांनीं एकच संघ केला, हेंही त्या आठवणीचेंच फळ म्हणावें लागेल.

शेवटीं आपल्या देशाविषयीं. बंगालमधील नैहाटी गांवच्या ऐहिका मुखर्जी व सुतीर्था मुखर्जी या दोघींनीं २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत, चीनच्याच हांगचौ नगरींत, दुहेरीच्या जगज्जेत्या जोडीस हरवून पुढें कांस्यपदक मिळविलें. २०२४ च्या फेब्रुवारींत कोरियांतील बुसान येथें भारताच्या मुली चीनशीं सांघिक सामना खेळल्या. ऐहिकाच्या बॅटीच्या एका बाजूस असें रबर असतें कीं, तें चेंडूची फिरकी पकडीत नाहीं. समोरच्याची फिरकी त्यामुळें वायां जाते आणि त्याचा अंदाज चुकतो. तिनें जगांतील पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशास हरविलें. श्रीजा अकुलानें वांग यिदीस सरळ तीन डावांत जिंकलें. तीन सामन्यांनंतर भारत २-१ असा पुढें होता. त्यापुढचे दोन्ही सामने मात्र चीननें जिंकले, व लढत ३-२ अशी त्याच्याकडे गेली.

हा पराभवच होय. त्यास विजयाचें नांव देण्यांत स्वारस्य नाहीं. पण स्वीडनही तीन वेळां हरला होता, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. लहान शाळेचा संघ मोठ्या शाळेशीं खेळावयास निघाला म्हणजे निकाल आधींच ठरल्यासारखे आपण बोलतों. त्याऐवजीं प्रतिपक्ष्याचा खेळ नीट पाहावा, आपल्या दोघांतिघांची तयारी कसून करावी, स्वतःची एखादी धाटणी कमवावी, आणि सामना संपल्यावर जिंकणाऱ्याचा हात मनापासून हातीं घ्यावा. पालकांनींही मुलगा घरीं आल्यावर ‘जिंकलास काय?’ एवढेंच न विचारतां, ‘समोरच्यापासून आज काय शिकलास?’ असेंही विचारावें.