अंधाऱ्या खोलीतील अभ्यासक

दि. ३० सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा बायबलपंडित संत जेरोम यांचा सण साजरा करते. त्यानिमित्त डच चित्रकार रेम्ब्रां यांच्या १६४२ सालच्या ‘अंधाऱ्या खोलीतील संत जेरोम’ या छापचित्राची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहोत.

प्रथमदर्शनी हे चित्र जवळजवळ काळेच भासते. नजर स्थिरावली की एक खिडकी, गोल वळणाचा जिना आणि खिडकीपाशी हातावर डोके टेकून बसलेला अभ्यासमग्न वृद्ध दिसू लागतो.

या कलेस एचिंग म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप देऊन त्यावर सुईने रेघा ओढतात. पत्रा आम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेघाच तेवढ्या खोल कोरल्या जातात. मग त्यांत शाई भरून, पृष्ठभाग पुसून ओलसर कागदावर दाबाने ठसा घेतात. काळोख जितका दाट, तितक्या रेघा अधिक. खिडकीतला उजेड मात्र सुई जिथे फिरलीच नाही, तिथला कोरा कागद होय. कलावंताचे सारे श्रम अंधारात खर्ची पडले; प्रकाश त्याने केवळ राखून ठेवला.

संत जेरोम यांचे जीवनही असेच होते. पोप दमासस यांच्या सांगण्यावरून त्यांनी लॅटिन शुभवर्तमानांच्या शुद्धीकरणाचे काम हाती घेतले. पोपमहोदयांच्या निधनानंतर टीकेमुळे ३८५ साली त्यांना रोम सोडावे लागले. बेथलेहेम येथे राहून त्यांनी जुना करार मूळ हिब्रूतून लॅटिनमध्ये आणला. जुन्या पाठाची सवय असलेल्यांनी त्यालाही नाके मुरडली. ४२० साली ते निवर्तले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्या लॅटिन बायबलला अधिकृत मान्यता दिली ती १५४६ साली, म्हणजे तब्बल ११२६ वर्षांनी!

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९२४ साली.

कोरेगावच्या वाचकांना चित्रे पाहण्यासाठी दूर जावयास नको. शेजारच्या खटाव तालुक्यात, औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे १९३८ सालापासूनचे संग्रहालय आहे. पालकांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे आणि एकेका चित्रापुढे थोडे थांबावे. परीक्षेच्या गुणांपलीकडेही अभ्यास असतो, त्याचे फळ कधी कधी अभ्यासकाच्या हयातीत दिसत नाही, हे मुलांना कोणीतरी सांगावयास हवे.